फुटला नाही, विभागला

६ जून
आयव्हीएफमध्ये गर्भ एकच ठेवला होता. आज सोनोग्राफीत ठोके दोन! डॉक्टर म्हणाल्या, आत गेल्यावर आपसूक विभागला. वार, म्हणजे प्लासेंटा, मात्र दोघांत एकच. केतकी हसता हसता रडली. मी डॉक्टरांना थँक्यू म्हणालो, रिसेप्शनला म्हणालो, लिफ्टमनलाही.

घरी येऊन सासूबाईंना साताऱ्याला फोन. सकाळीच कॉलेजात फिशन, म्हणजे अणू फुटणं, शिकवलेलं, तेच तोंडात. “आई, गर्भ फुटला, आणि—” पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. हंबरडा. केतकीने फोन हिसकावून घेतला. अजून माझ्याशी बोलत नाहीये.

७ जून
शेजारच्या कमलाअक्का, तंजावरच्या मराठी, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. ऐकून हसून बेजार.
“अय्यो, फुटायला तो नारळ का रे? विभागला म्हण, कण्णा.”
मी वाद घातला. इंग्रजीत अणूला फिशन, अमिबालाही फिशनच.
“असूं दे. तुझा अणू फुटला की घटतो. माझा अमिबा दोन झाला की दोघं वाढतात. त्यात आई कोण, पिल्लू कोण, विचारायचं नाही.”
खरंय. तुकड्यांचं वजन मूळ अणूपेक्षा कमी भरतं, गेलेल्याची ऊर्जा होते. वर्षानुवर्षं फळ्यावर हेच लिहितोय. काल पहिल्यांदा घरात आणलं, तर हा गोंधळ.
जाताना रसम ठेवून गेल्या. केतकीला आज तेवढंच पोटात राहिलं. या बाईचे उपकार कसे फेडायचे…

१९ जुलै
सासूबाई आल्या. सेंट्रल स्टेशनवर उतरताच, “जावईबापू, यापुढच्या बातम्या केतकीच सांगेल.” कबूल. अक्कांशी त्यांची लगेच गट्टी. दोघी मिळून मला भाजी चिरायला बसवतात. बरं चाललंय, फार बरं.

२८ ऑगस्ट
एका वारेवर दोघं, म्हणून वरचेवर सोनोग्राफी. आज एक अंमळ लहान दिसलं. “एकाकडे रक्त जास्त जातंय का, पाहावं लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “आत्ताच घाबरू नका. गुरुवारी या.”

रिक्षात केतकी म्हणाली, “घरी आईला काय सांगायचं?” या वेळी तोंड उघडायचीच भीती वाटली.

एक मिळालं तरी पुष्कळ, असं मनापासून म्हणून आम्ही सुरुवात केली होती. देवाने, डॉक्टरांनी, ज्याने कोणी दिलं त्याने मागितल्यापेक्षा जास्त दिलं. ते विसरलेलो नाही. पण आता दोघांची हालचाल पडद्यावर पाहिलीय. एकावर समाधान मानायला कोणी सांगू नये. मला दोन्ही हवीत.