पहिलं तांबूल

करीमनगर,
२ सप्टेंबर २००३

ती. भानुमती वदिना यांस,
रघुपतीचा शि. सा. न. वि. वि.

आज मंगळवार. सकाळच्या बसने हैदराबादला गेलो, संध्याकाळी परत आलो. पाऊस नव्हता.

तुमची बहीण सुगुणा गेल्याचं तिथल्या दवाखान्यात कळवायचं राहिलं होतं. ऐकून डॉक्टरीणबाईंनी तिचे कागद काढले. मग त्यांनी विचारलं, पोट फुगलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा लगेच का आणलं नाही? मी म्हटलं, आम्हाला वाटलं दिवस राहिले. त्या म्हणाल्या, "अहो, गर्भ आत ठेवलाच नव्हता."

इंजेक्शनांनी या खेपेला स्त्रीबीजं फार झाली होती. ती काढली, पण शरीराला सोसणार नाही म्हणून पुढचं काम महिनाभर थांबवलं. पोट फुगलं, उलटी झाली, लघवी कमी झाली तर त्याच पावली या, असं सुगुणाला समोर बसवून सांगितलं होतं. मी त्या दिवशी माझी तपासणी उरकून रामगुंडमला ड्यूटीवर गेलो होतो. फोनवर ती एवढंच म्हणाली, काम झालं. आम्ही तिला इथल्या दवाखान्यात नेलं तेव्हा छातीत पाणी भरलेलं होतं.

पहिल्या ओकारीलाच अम्माने चिंच आणली, तांदळाच्या पिठाची गोड चलिमिडी करून गल्लीत वाटली. श्रावणी शुक्रवारी पूजेला सुगुणाला पाटावर बसवलं, सगळ्या बायकांच्या आधी तांबूल दिलं. नऊ वर्षं त्या दिवशी ती स्वयंपाकघरातच असायची, तुम्ही पाहिलं आहे.

अम्मा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, माझी दोन माणसं गेली. माझ्या बहिणीची, पद्माची, त्याच दवाखान्यात इंजेक्शनं सुरू आहेत आणि अम्मा आता तिच्याकडे राहायला निघाली आहे. अम्माला हे सांगावं का? सुगुणाला हे सगळं माहीत होतं का?

तिच्यामागेही तुमचा लोभ असू द्यावा.

आपला,
रघुपती

*

नंद्याल,
८ सप्टेंबर २००३

चि. रघुपती यांस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुम्ही जेवता ना वेळेवर?

माहीत होतं तिला. त्या शुक्रवारी तिने शेजारून फोन केला होता. हसत होती. मी चिडवलं, आता सासूची लाडकी झालीस, आम्हाला कशाला ओळख देशील. तशी आवाज उतरवून म्हणाली, "अक्का, पोटात काही नाही गं. पण अत्तम्माने आज माझ्या केसांत स्वतः फुलं माळली. चार दिवस राहू दे. सोमवारी सांगते." ओकाऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. सोमवारी तुमचाच निरोप आला.

अम्मांना यातलं काही सांगू नका. नऊ वर्षांचा राग आहे माझा त्यांच्यावर, तरी म्हणते, या वयात हे ओझं नको. पद्माला मात्र आजच सांगा.

मुलं तुमची आठवण काढतात. दसऱ्याला इकडे या, परकेपणा धरू नका.

भानुमती

*

करीमनगर,
१४ सप्टेंबर २००३

ती. वदिनांस शि. सा. न.

आज रविवार. पद्मा अम्माला न्यायला आली होती. तिला मागच्या अंगणात नेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, अण्णा, उद्या अम्माने चिंच पुढे केली तर मी तरी नको कशी म्हणू? म्हणून तुमचा शब्द मोडला. अम्माला सांगावंच लागलं.

आधी ती म्हणाली, डॉक्टरीण स्वतःच्या बचावासाठी खोटं बोलते. मग मी तुमच्या फोनचं सांगितलं. ती नंतर म्हणाली, "मला का नाही सांगितलं तिने? मी काय केलं असतं?"

पद्मा म्हणाली, "फुलं काढून घेतली असतीस."

अम्मा तिला रागावली नाही. पद्माबरोबर जायचं मात्र तिने मोडलं नाही. स्टँडवर बसची पायरी चढता चढता मागे वळून मला विचारलं, पोट फुगणं, ओकारी आणि तिसरं काय म्हणालास? मी सांगितलं. ते पुटपुटत ती आत जाऊन बसली.

दसऱ्याला रजा मिळाली तर येईन. आहे ती माया कमी करू नये.

रघुपती

ता. क. घरी आलो तेव्हा नळाला पाणी आलं होतं. घागरी भरून घेतल्या, मग मोरी घासली.