मिनोहाराची कडी

३ फेब्रुवारी
धायरीत पोचले! श्रद्धा फाटकापर्यंत घ्यायला येईल असं वाटलं होतं, पण बाईसाहेबांनी वरूनच हात हलवला. बॅग मीच ओढत नेली. वर्ध्याच्या कॉलेजापासूनची मैत्रीण, आता इथेच कामाला, आणि माझी नोकरीही तिनेच मिळवून दिलेली, म्हणून माफ केलं. काम मजेचं आहे. घरमालक महिपतीराव रेल्वेतून निवृत्त झालेत. प्रशिक्षणासाठी ते जपानात मिनोहारा नावाच्या लहानशा शहरात होते. तिथलं स्टेशन त्यांनी वरच्या हॉलमध्ये छोटं करून हुबेहूब बांधलंय. कौलारू छप्पर, फलाट, एकेरी रूळ, सगळं! त्याचा इतिहास मी जपानीतून मराठीत आणायचा. फलाटावर बोटभर उंचीची एकच बाहुली आहे, मरून रंगाच्या कुर्त्यातली. श्रद्धाकडे तस्साच कुर्ता आहे. मी चिडवलं, तर ती हसलीच नाही.

६ फेब्रुवारी
मिनोहारा रेशमाच्या धंद्यावर वाढलं आणि धंदा बसला तसं ओस पडलं. रूळ एकच, म्हणून गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी वेताची मोठी कडी असायची. स्टेशनमास्तरने ती ड्रायव्हरच्या हातात दिली की मगच गाडी सुटायची. देणारा मागे राहायचा. शेवटच्या गाडीला कडी देणारा मास्तर पुन्हा कुणाला दिसला नाही म्हणे. ती कडी आता इथे दाराशी टांगलीय. इथे कामाला असलेल्याने बाहेर पडताना ती मागे राहणाऱ्याच्या हातून घ्यायची, असा घरचा नियम आहे. मी विचारलं, भाजीला जातानाही? तर महिपतीराव म्हणाले, वर्ध्यात नियमांना सुट्टी असते वाटतं.

९ फेब्रुवारी
श्रद्धा आज आईला भेटायला गेली. मी जपानी मास्तरांसारखं रुळांकडे बोट दाखवून मार्ग मोकळा असल्याचं मोठ्याने सांगितलं आणि कडी तिच्या हातात दिली. तिने घट्ट मिठी मारली. रडलीसुद्धा. आणि निघताना चक्क ‘जाते’ म्हणाली. ‘येते’ म्हणावं गं, म्हणून मी रागावले, पण तोवर ती जिना उतरली होती.

११ फेब्रुवारी
बाहुलीचा कुर्ता आता निळा आहे, माझ्यासारखा. रंग आपण दिलेला नाही, असं महिपतीराव म्हणतात.
दूध आणायला निघाले. फाटक उघडलं, पाऊल बाहेर टाकलं, आणि मी हॉलमध्ये उभी. पुन्हा गेले. पुन्हा हॉल. महिपतीरावांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. कडीशिवाय गाडी सोडायची पद्धत आमच्याकडे नाही, एवढंच म्हणाले.
श्रद्धा फोन उचलत नाही.

१४ फेब्रुवारी
कुरिअर आलं. कडी, आणि सोबत संत्राबर्फी. बर्फी! मोबाइलवर तिचा निरोप: माझ्याबाबतीतही असंच झालं होतं, माफ कर. माझ्या ताटात जेवलेली मुलगी ही. मिठी मारताना तिला सगळं माहीत होतं.
कडी उचलून धावले. हॉल. स्वतः घेऊन चालत नाही, दुसऱ्याने द्यावी लागते. महिपतीरावांच्या पाया पडले. ते म्हणाले, आणि मग फलाटावर मी उभा राहू?

१६ फेब्रुवारी
आईला फोन केला. नुसती रडले — बाकी काही सांगितलं नाही. उद्या मुक्ता येतेय मला न्यायला. माझी धाकटी बहीण. का सांगितलं नाही मी —

१७ फेब्रुवारी
मुक्ता फाटकाशी. ओरडून सांगायला हवं, परत जा —
नाही ओरडले.
चपला काढल्या तिने — वर आली — बाहुलीचं कौतुक करतेय. म्हणतेय, ताई, किती वाळलीस, चल, आई वाट बघतेय. दाराशी माझ्या बॅगेवरची कडी दिसली तिला. ही तुझीच ना, विसरशील, धर म्हणतेय —
नको म्हणायचंय. नको म्हण —
माझा हात पुढे