उरेल तो तुझा

प्रिय हेमकांतदादा,

हे पत्र पाठवणार नाही, तू लाजशील.

शेताच्या वाटणीला आले तेव्हा माझ्या पर्समध्ये हक्कसोडपत्र होतं, फक्त सही बाकी होती. सगळ्या बहिणी देतात, तसं मीही देणार होते.

पण आबा तुला म्हणाले, "जमीनना तीन भाग तू पाड. पहिले कामिनी निवडी, मंग धाकला अमृत. जो उरी तो तुन्हा."

मग आठ दिवस तू केळीतून दोर घेऊन फिरलास. विहिरीचं अंतर पावलांनी मोजलंस, कडेची खारवट जमीनसुद्धा तिघांत वाटलीस. बांधावर उभी राहून मी थक्क झाले. कुठला वाटा चांगला, ते कळेचना. लहानपणी खरवस वाटताना माझी वाटी अर्धीच भरणारा तूच ना!

कागद फाडला, दादा. तू पहिल्यांदाच मला बरोबरीनं मोजलंस. ते कसं सोडून देऊ?

तुझी,
कामिनी