तारामतीबाईंची वही

नांदेड, ९ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. सरोज हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची वाटणी झाली की आपला मराठवाडा मुंबई राज्यात. काचीगुड्याचं घर तोवर रिकामं कर. तुझ्या आईच्या ट्रंकेत तिने तुरुंगात जाऊन लिहून घेतलेल्या कैद्यांच्या जबान्यांच्या वह्या आहेत. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता त्या कोणाच्या कामाच्या नाहीत. बंबात घाल. माझं निवडणुकीचं तिकीट ठरायचं आहे आणि विरोधक टपलेले आहेत. जावई मुकुंदरावांचं नाव मुंबई राज्याच्या नोकरवर्गाच्या यादीत यावं म्हणून मी शब्द टाकणार आहे, हेही ध्यानात ठेव. लोणच्याची बरणी सामानाच्या बंडीत देऊ नकोस.

लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्या हाती.
हिम्मतराव

काचीगुडा, १४ ऑक्टोबर १९५६

ती. बाबांच्या चरणी सरोजचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी पद्मावती आली. सहा वर्षांपूर्वी संपात धरलेला तिचा नवरा दत्तोबा कोठडीतून पळाला, असं सरकारी कागद म्हणतो. तारामतीबाईंनी, म्हणजे आईने, लिहून घेतलेलं सापडेल का, असं ती विचारत होती. तिच्या दाव्याची चोवीसला कोर्टात पेशी आहे; पुढे फायली कोणत्या राज्यात जातील, वकिलांनाही ठाऊक नाही.

मी वह्या वाचल्या. शेजारच्या कोठडीतल्या कैद्याची जबानी आहे. दत्तोबाला मारताना त्याने ऐकलं, चादरीत गुंडाळून नेताना पाहिलं. खाली त्याचा अंगठा, आणि त्याखाली आईचं अक्षर: ‘आजच सरोजच्या बाबांना सांगितलं. म्हणाले, मी सरकारात आहे, मी हे ऐकलं नाही असं समज.’

तेवढ्या ओळी कापाव्या म्हणून मी ब्लेड हातात घेतलं होतं, बाबा. पण कापलेल्या कागदावर कोर्ट विश्वास कसा ठेवील? ह्यांना सांगितलं. म्हणाले, इथेच राहावं लागलं तर तेलुगू शिकू.

काल वही वकिलांना दिली. तुम्ही रागवाल. रागवा, पण पत्र बंद करू नका.

आपली,
सरोज

नांदेड, २० ऑक्टोबर १९५६

चि. सरोजला आशीर्वाद.

पहिलं उत्तर लिहून फाडलं. त्यात तुला वही परत आणायला सांगितलं होतं.

आईने लिहिलं ते खरं आहे. ती सांगत होती तेव्हा मी जेवत होतो. उठलो नाही. आणखी एक भाकरी मागितली आणि तिने वाढली. त्यानंतर ती माझ्याबरोबर एकाही सभेला आली नाही. लोकांना मी तिची तब्येत बरी नसते असं सांगत असे. आता तेच लोक मला तिच्या नावाने मतं मागायला सांगतात.

तेवीसच्या गाडीने येतो. वकिलांना सांग, साक्षीदारांत माझं नाव घाला. तिकिटाचं काय व्हायचं ते होईल. मुकुंदरावांसाठी मात्र आता माझा शब्द चालणार नाही, त्यांची मी क्षमा मागेन.

स्टेशनवर येऊ नकोस. मी आधी पद्मावतीबाईंकडे जाणार आहे. त्यांच्यासमोर काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.

तुझा,
बाबा