आठी नसलेले चेहरे

४ एप्रिल २०१६

पोचले एकदाची, आणि खोली पाहून प्रवासाचा शीण गेला. नाशिकहून एसटीने मांजरसुंबा, तिथल्या ढाब्यावर झणझणीत शेवभाजी, आणि पुढे कारखान्याची जीप. घाटनांदूरच्या बाजूला लागल्यावर रस्त्याकडेला एक झाड हिरवं दिसलं नाही. पण साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये मला दिलेल्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी आहे. रंगवणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

काम असं. या सहकारी कारखान्याला पंचवीस वर्षं झाली. एक मेला सभासदांची सभा आहे, तिथे मांडायला कारखान्याची लाकडी प्रतिकृती माझ्या खोलीत आणून ठेवलीय. चिमणी, उसाच्या गाड्या, आणि शेजारी काठोकाठ भरलेला तलाव. त्याच्या बांधावर अंगठ्याएवढे सभासद उभे करायचेत. पुतळे राळेचे, पुण्याहून आलेत, नुसते करडे. त्यांना खऱ्या सभासदांचे चेहरे द्यायचे, कार्यालयातल्या फोटोंवरून. चेअरमन राधाकिशनराव, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी मला नाशिकच्या प्रदर्शनात रंगवताना पाहिलं होतं. माझ्या टेबलासमोर बराच वेळ उभे होते. इतक्या बारीक कामाची कदर करणारा माणूस, तोही साखरवाला! मी खूश आहे.

७ एप्रिल

खूश होते ते मागे घेते. इथे अ‍ॅक्रिलिक रंगवायचं म्हणजे तव्यावर रांगोळी काढायची.

चेहऱ्यावर रंग सावलीकडून उजेडाकडे सरकत गेला पाहिजे. एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते दिसता कामा नये. त्यासाठी रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ करायचा, ब्रश टिपकागदाला टेकवायचा, आणि पातळ पातळ हात देत जायचं, प्रत्येक हात वाळू देऊन. डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. नाशिकला तो दिवसभर ओला राहतो. इथे स्पंजच तासाभरात खडखडीत. रंग ब्रशच्या टोकावर वाळतो. टँकरचं पाणी इतकं खारं की प्रत्येक हाताला पांढरी कड उमटते. पहिला पुतळा रुद्रप्पाचा. त्याच्या गालावर पुन्हा पुन्हा पट्टे पडले, तेव्हा मी ब्रश भिंतीवर फेकून मारला.

मग आमच्या धंद्यातला हुकमी उपाय केला, थुंकीचा. दोन ब्रश घ्यायचे. एकाने रंग ठेवायचा, दुसरा जिभेवर ओला करायचा आणि त्याने रंगाची कड ओढत न्यायची. थुंकीत रंग सावकाश वाळतो. ब्रश पुन्हा ओठांत धरला की टोकही नीट होतं. सगळेच करतात, मेलं कोणी नाही. रुद्रप्पाचा गाल लोण्यासारखा झाला.

पहिल्या हातात मिसळायला आप्पांनी मातीच्या पुड्या दिल्यात. तलाव श्रमदानातून खोदला तेव्हा प्रत्येक सभासदाने आपल्या उंबऱ्यापुढची मूठभर माती बांधाच्या पायात टाकली होती म्हणे. त्याची आठवण म्हणून या वेळी प्रत्येक घरून पुन्हा माती मागवली. पुडीवर सभासदाचं नाव. कल्पना मला आवडली. ब्रश चाटताना दातांत थोडी कचकच होते, इतकंच.

१० एप्रिल

रुद्रप्पाचं किराणा दुकान फाटकासमोर आहे. टँकर आला की तो ड्रायव्हरला अशा शिव्या घालतो की मला इथे खिडकीत ऐकून मजा वाटते. म्हणून मी त्याच्या पुतळ्याच्या कपाळावर दोन झकास आठ्या काढल्या होत्या. आप्पा आले, चष्मा लावून वाकले, आणि म्हणाले, आमचे सभासद समाधानी हायेत मॅडम, एक बी आठी नको.

समाधानी! या उन्हात रिकाम्या घागरींच्या रांगेत उभा असलेला माणूस समाधानी! मी म्हटलं, मग माझ्याऐवजी साखरेच्या बाहुल्या करणारा बोलवायचा होता. आप्पा नुसते हसले. शेवटी काम त्यांचं. जीभ लावली, कड ओढली, आठ्या गेल्या. कपाळ इतकं तुळतुळीत झालं की मलाच आवडलं.

१२ एप्रिल

सकाळपासून डोकं सणकलंय आणि कारण सापडत नाही. टँकर आला तेव्हा खिडकीत उभी राहून मी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अर्धा टँकर आधी आसवनीच्या टाकीत सोडतो, कारखान्याच्या त्या दारूच्या भट्टीत, आणि खाली गाळ उरला की गावाला, तो मेला सुग्रीव!

रुद्रप्पा दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याच्या घागरी न भरता टँकर निघून गेला. तो प्रेमाने बघत राहिला.

लिहिता लिहिता थांबले. ड्रायव्हरचं नाव सुग्रीव आहे हे मला कोणी सांगितलं?

१६ एप्रिल

इथे माझं जेवण करते आणि झाडलोट करते ती छबुबाई. नवऱ्यामागे सभासद झालेली, तोंडाची फाटकी, मला पेंटरीणबाई म्हणते. तिची सून नुकतीच बाळंत झालीय. बाळंतिणीला आंगुळीला तांब्याभर पानी न्हाई आन् तुमी तेच्यात ब्रश धुताव, असं मला तोंडावर सुनावलं. राग आला, पण तिचा नाही.

तिच्याकडून कळलं की तलावाच्या तळाशी थोडं पाणी आहे. ते आसवनीला द्यायचं की गावांना, यावर एक मेच्या सभेत हात वर होणार आहेत. तलाव सभासदांनी खोदलेला, म्हणून आप्पांना त्यांचे हात हवेत. छबुबाई घरोघर फिरून सांगतेय, हात वर करू नका. तिच्या बाळंतिणीचं पाणी त्या तळाशी आहे.

आज धुळाजीचा चेहरा संपवला. तलावावर पहिली कुदळ मारणारा म्हातारा. सुरकुत्यांवर सुरकुत्या होत्या. सगळ्या ओढून रंगात मिळवल्या. नंतर माझे खांदे कुदळ मारल्यासारखे ठणकत होते आणि मी उशीत तोंड खुपसून ओरडले.

२० एप्रिल

पुतळे भराभर होतायत. बांधावर ओळच्या ओळ, सगळे तुकतुकीत. आणि मी भांडखोर झालेय. ताटलीवर भांडते, पंख्यावर भांडते. न पाहिलेल्या माणसांच्या चुगल्या मला माहीत आहेत. कोणाची विहीर कोणी आटवली, कोणाचा पाइप कोणी तोडला.

दुपारी छबुबाईने मला ब्रश चाटताना पाहिलं. हातातली परात टाकली. तुमी आमच्या उंबऱ्याची माती खाताव व्हय, म्हणाली. घरातलं माणूस ज्या उंबऱ्यावर भांडतं, रडतं, तिथली माती परक्याच्या तोंडात गेली तर घराचा जीव त्याच्या पोटात जातो, असं म्हणाली. रुद्रप्पा बगा, तो धुळाजी बगा, का म्हून असे बसलेत? तुमी खाल्लं त्यास्नी. मला चेटकीण म्हणाली.

चेटकीण! पंधरा वर्षं डोळे फोडून शिकलेल्या कामाला चेटूक म्हणते! माझं डोकं फिरलं. तिची पुडी पेटीत होती, तिने दिली नव्हती तरी आप्पांनी कुठून तरी आणवलेली. तीच उघडली. संध्याकाळपर्यंत तिचा चेहरा पुरा केला. नाकपुडीपासून गालाच्या हाडापर्यंत रंग असा वितळत गेलाय की मला स्वतःला कड सापडत नाही. आयुष्यात इतकं चांगलं मिश्रण जमलं नव्हतं.

२१ एप्रिल

छबुबाई आली. हसली. चहा ठेवला. म्हणाली, चेटकीण म्हणाले ते मनाला लावून घेऊ नका.

सुनेला पाणी मिळालं का, विचारलं. न्हाई, म्हणाली. तशीच हसत.

मी काय करून बसले.

२३ एप्रिल

धुळाजी गेला. सावलीत बसला होता, शेजारी कोरडी घागर. कोणाकडे पाणी मागितलं नाही. घरच्यांनीही नाही, त्यांचे पुतळे मी सोमवारी केले होते. छबुबाईने हे सगळं मला भाजी निवडता निवडता सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

रडता येत नाही. नुसता राग येतोय. त्याच्या कुदळीचा राग, पंचवीस वर्षांचा. हरामखोरांनो, आमी खंदला हा तलाव!

हे मी लिहिलं? मी "खंदला" म्हणत नाही.

२६ एप्रिल

कार्यालयात गेले. आप्पांच्या टेबलावर हात आपटला आणि तोंड उघडलं तर छबुबाईच बोलली. तिचा आवाज, तिचे शब्द. बाळंतीण, तांब्या, भट्टी, सगळं बाहेर पडलं. किती वेळ ओरडत होते ठाऊक नाही. शेवटी घशातून नुसती हवा येत होती.

आप्पा ऐकून घेत होते. मग शांतपणे म्हणाले, नाशकात मी तुमचा ब्रश न्हाई बगितला, तुमची जीभ बगितली. लई गुणाची हाय.

त्यांच्या माणसांनी मला खोलीत आणलं. बाहेरून कडी. एक तांब्या पाणी. सभा झाली की सोडू, म्हणे.

२८ एप्रिल

भडव्यांनो! नासक्यांनो! दार उघडा!

रुद्रप्पाचा पुतळा हातात होता. रागाने बारीक ब्रश तोंडात घातला, गडद तपकिरी घेतला आणि त्याच्या कपाळावर खसकन रेघ मारली. ओढली नाही. मिळवली नाही. कड तशीच, उघडी. मग दुसरी.

छातीतून काहीतरी गेलं. दात उपटल्यासारखं.

आणि खाली, फाटकासमोर — रुद्रप्पा! सुग्रीवच्या नावाने! काय शिव्या, वा!

परत देता येतं.

२९ एप्रिल

देतेय. एकेक. कपाळावर आठी, ओठाला मुरड, डोळ्यांखाली काळं. पंधरा वर्षांत जे करू नये म्हणून शिकले ते सगळं. पट्टे. कडा. ओरखडे.

प्रत्येकाबरोबर माझ्यातून थोडं कमी होतं. पाणी थोडंच उरलंय. ते ब्रशला. मला नको.

गावातून आवाज येतायत. भांडणं. किती छान भांडतायत!

३० एप्रिल

धुळाजीलाही दिलं. त्याला पोचलं नाही. ते माझ्याकडेच परत आलं, मग ते त्याच्या मुलाच्या पुतळ्याला दिलं.

उरली छबुबाई.

ब्रश चाटते, रेघ मारते, लागत नाही. रंग ओघळून जातो, चेहरा पुन्हा तसाच. हसरा. तिचा राग माझ्यात नाही — तो मी आप्पांवर ओरडून संपवला — सगळा —

ती सभेत गेली नाही तर बाकीचे कोणामागे उभे राहतील? ती बोलते, ते मान हलवतात. आणि ती बाळंतीण —

माझ्यात आता फक्त माझाच राग आहे. लहानपणापासूनचा. बाबांवरचा, गिऱ्हाइकांवरचा, भिंतीवर ब्रश मारायचा. तेवढ्यावर तर मी उभी आहे.

घे बाई. तुझ्या बाळंतिणीला —

कपाळ. एक रेघ. लागली. दुसरी. लाग —

१ मे

सकाळी चांगलं ऊन पडलंय. मघाशी माणसं येऊन प्रतिकृती कापड घालून घेऊन गेली. दार उघडं होतं तेवढा वेळ मी खुर्चीत बसून होते. मग त्यांनी कडी लावली. त्यांचंही कामच आहे.

सभेच्या मांडवात फार गलका चाललाय. खुर्च्या फेकल्याचा आवाज येतोय. कोणीतरी आप्पांना नाव घेऊन ओरडतंय, न्हाई, न्हाई, आमचं पानी हाय. बाईचा आवाज आहे. ओळखीचा वाटतो.

तांब्या कालच रिकामा झाला. जीभ टाळूला चिकटलीय, ओठ फुटलेत. त्याचं काही वाटत नाही. लोक सगळे चांगले आहेत. आप्पाही चांगले आहेत.

आता ती बाई खिडकीखाली आलीय. पेंटरीणबाई कुठं ठेवली, असं सगळ्यांना विचारतेय. नुसती हाक मारली तरी ऐकू जाईल. पण उगाच कशाला कोणाला —