हॉलमधली एकच भिंत

आबा, तुमचा फोटो हॉलमधून काढायचा की नाही, यावरून गेला आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नाही. कारण सांगायचीसुद्धा लाज वाटते. आम्हाला भिंतीवर टांगायचा मोठा, पातळ टीव्ही घ्यायचा होता, आणि धुळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यासमोर भिंत एकच. तिच्यावर चंदनाच्या हारासकट तुम्ही. तुमची सून, जिला तुम्ही पाहिलंच नाही, ती नुसती टेप घेऊन तुमच्या फोटोखालची जागा मोजत राहिली. मी मात्र ऑफिसात बसून दहादा तो फोटो मनातल्या मनात काढला आणि पुन्हा लावला.

जळगावचं ते दुकान आठवतं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून आपण दोघं पहिला टीव्ही घ्यायला आलो आहोत. मारवाडी शेटजी एकेक टीव्ही लावून दाखवतात आणि तुम्ही तो बंद करायला लावता. साहेब, चित्र तरी बघा, असं ते काकुळतीला येऊन म्हणतात. तुम्ही म्हणता, "चालू असताना सगळेच चांगले दिसतात. घरात तो जास्त वेळ बंदच राहणार आहे." मग सरकत्या लाकडी दारांचा, कुलपाचा टीव्ही तुम्ही पसंत केलात आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकलीत. कॉलनीत आपल्याइतका देखणा टीव्ही कुणाकडे नव्हता, आणि आपल्याइतका कमी कुणी बघतही नव्हतं. एका रविवारी सिनेमा ऐन रंगात असताना मी जरा मोठ्याने हसलो. तुम्ही उठलात आणि दारं ओढून कुलूप लावलंत. आईसुद्धा तो सिनेमा बघत होती. ती पदर खोचून कणीक मळायला गेली.

तर यंदा दुकानात मीही शहाणपणा केला. पोऱ्याला म्हटलं, सगळे टीव्ही बंद कर. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा तुमच्या सुनेकडे पाहिलं आणि केले बंद. समोर नुसत्या काळ्या पाट्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. "आता निवडा," ती म्हणाली. शेवटी तिनेच निवडला, जवळजवळ कडाच नसलेला, भिंतीला चिकटून बसणारा. छान आहे, उगाच नाव ठेवणार नाही.

आज सकाळी तो बसवायला माणूस आला. ड्रिल हातात घेऊन म्हणाला, फोटो काढा. मी त्याला दुपारी यायला सांगितलं आणि आईकडे गेलो. वाटलं होतं, तुम्ही तिच्या खोलीत गेलात तर तिला बरंच वाटेल. ती लसूण सोलत होती. फोटो तुझ्या खोलीत लावू का, असं विचारलं. मान वर न करता, साक्रीकडच्या तिच्या बोलीत म्हणाली, "त्यास्ना धाकमा मना बठ्ठा जलम गया. आते तरी माले निवांत बसू दे."

मला तिचा राग आला. तुमच्या वर्षश्राद्धाला अजून पहिलं पान वाढणारी ती हीच ना, असं वाटलं. मग स्वतःचाच राग आला, कारण तिचा सगळा जन्म तुमच्या धाकात गेला, हे मला नवीन नव्हतं. तुम्ही वाईट नव्हतात. आमच्या पोटाला तुम्ही कधी काही कमी पडू दिलं नाही. तुमची आठवण येते आबा, खरंच येते. नको वाटते ती फक्त नजर.

फोटो आता माझ्या खोलीत, कपाटात स्वच्छ पुसून ठेवलाय. कुठे लावायचा ते अजून ठरलेलं नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही हे एका परीने बरंच आहे, कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर मला सांगता आली नसती. तुम्हाला उतरवल्यावर, तो माणूस परत येईपर्यंत, मी त्या रिकाम्या भिंतीसमोर टीपॉयवर पाय टाकून बसलो होतो. आई येऊन शेजारी बसली आणि तिनेही पाय वर घेतले. बराच वेळ आम्ही दोघं नुसती भिंत बघत होतो, आणि टीव्हीची आठवणसुद्धा आम्हाला झाली नाही.