तापायला अर्धा तास

शनिवार, १ नोव्हेंबर
नवा घ्यायचा की सेकंडहँड — डोकं पिकलं! आज दुकानात नवा वाजवून आले. खराखुरा ॲनालॉग सिंथेसायझर, लाकडी कडा, जाडजूड नॉब. बटण दाबलं की सूर तयार. वर वॉरंटी. खालचा सा दाबला आणि बोट उचलवेचना. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईनं एका यंत्रासाठी इतकं झुरावं? झुरतेय खरी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
ऑफिसातली अबोली म्हणते, "नवाच घे यार! जुन्याला कोण विचारतं?"
मी मात्र गाझियाबादची एक जाहिरात हेरून ठेवलीय. तोच सिंथ, जुनं मॉडेल. फोन केला. हिंदीत, अर्थात. "भाईसाब, कुछ कमी-जास्त होगा?" पलीकडून हसू — "पुण्याच्या का?"
जास्त! इतकी वर्षं दिल्लीत काढली आणि ऐन वेळी जीभ घसरली. नाव इंद्रजित.

शनिवार, ८ नोव्हेंबर
मयूर विहारहून निघाले, यमुना बँकला मेट्रो बदलून गाझियाबादेत वैशालीला उतरले. इंद्रजित साउंड रेकॉर्डिस्ट आहेत. पन्नाशीचे. बायको काही वर्षांपूर्वी गेली, घरात एकटेच. सिंथ चालू केला आणि म्हणाले, "बसा. जुना आहे, तापायला अर्धा तास लागतो. तोवर बेसूर बोलतो."
मग चहा. मग कांदेपोहे, वर ओलं खोबरं! मनात आलं, हा काय कांदेपोह्यांचा कार्यक्रम? गप्प बस, शालिनी.
मग तो वाजला. नव्यासारखा गुळगुळीत नाही. सूर किंचित हलतो, माणसासारखा. मला चक्क रडू आलं. विचारलं, विकताय का?
"एकट्यानं किती वाजवायचं?"
निघताना म्हणाले, "विचार करून सांगा, शालिनीताई."

रविवार, ९ नोव्हेंबर
ताई!!

शनिवार, १५ नोव्हेंबर
"अजून एकदा ऐकून बघते" म्हणत परत गेले. एक पट्टी अडकते. दुरुस्त करणारा मिळणं मुश्कील, हे त्यांनीच सांगितलं. स्वतःच्या मालाची खोड असं कोण सांगतं? शहाण्या माणसानं नवाच घ्यावा. असं परतीच्या मेट्रोत पक्कं ठरवलं, आणि घरी पोचेपर्यंत विसरले.

बुधवार, १९ नोव्हेंबर
हवा घाण. घसा धरलाय. अबोली म्हणाली, "झालं का ठरवून? एवढ्या वेळात लोक लग्न करून मोकळे होतात!"
मी खेकसलेच तिच्यावर. बिचारी.

शनिवार, २२ नोव्हेंबर
आज सिंथ चालूच करायचा राहिला! बोलतच बसलो. त्यांचं रेकॉर्डिंग, माझी लहानपणची पेटी, आईचा ओरडा, काय काय. बाहेर अंधार पडलेला कळलाही नाही.
येताना लख्ख कळलं. नवा घेतला, तर वैशालीला जायला कारण उरत नाही. जुना घेतला, तरी उरत नाही. म्हणून माझं ठरत नाहीये! मला तो सिंथ हवाय. आणि तो तापेपर्यंतचा अर्धा तासही हवाय, पोह्यांसकट. कुणाला सांगू हे?

गुरुवार, २७ नोव्हेंबर
इंद्रजितचा फोन. गुडगावहून एक जण बघून गेला, रविवारी न्यायला येतोय. "पहिला हक्क तुमचा. शनिवारपर्यंत सांगा."
आवाज कोरडा होता. की मलाच तसा वाटला? जेवण गेलं नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर
घेतला. जुनाच. पैसे तिथल्या तिथे पाठवले.
"टेम्पो कधी आणताय?" त्यांनी विचारलं.
"नाही आणत," म्हटलं. "सिंथ माझा, पण राहील इथेच. चालेल?"
ते उठून आत गेले. मेलेच मी, वाटलं. बाहेर आले ते हातात किल्ली घेऊन.
"ही दाराची दुसरी. मला यायला उशीर झाला, तर बाहेर ताटकळू नका."